निगार स्टुडिओच्या हमीदाआपा

हमीदाआपा फिल्म ओठाला लावून पाहत. निगेटिव्हच्या पट्टीचा कोपरा खालच्या ओठावर टेकवायचा, क्षणभर थांबायचं, मग पट्टी उलटून दुसरी बाजू टेकवायची. जी बाजू ओल्या ओठाला किंचित चिकटते ती मसाल्याची, म्हणजे जिच्यावर चित्र असतं ती. गुळगुळीत सुटते ती पाठ. हे ओळखायला आमच्या लॅबमध्ये दिव्याची पेटी होती, भिंग होतं. आपा त्यांच्याकडे बघतही नसत. नव्या माणसाला वाटायचं, बाई फिल्मची चव घेतेय.

अकोल्याच्या बसस्थानकापासून चालत जाता येईल अशा अंतरावर ही कलर लॅब होती आणि मी तिथे निगेटिव्ह स्कॅन करून प्रिंट काढण्याच्या कामाला नुकताच लागलो होतो. जिल्ह्यातले फोटोग्राफर एसटीनं रोल घेऊन यायचे. आपा अकोटहून यायच्या. पन्नाशीच्या, उंच, काळा बुरखा, त्याचा नकाब मागे टाकलेला, हातात रोल भरलेला स्टीलचा डबा. पहिल्या भेटीत त्यांनी मोठी केलेली एक प्रिंट माझ्यासमोर ठेवली आणि विचारलं, "ह्या बाईचा पदर कोन्या खांद्यावर हाय?"

"उजव्या."

"आन् नथ?"

"तीपण उजवीकडेच."

"मंग ही बाई आमच्या अकोटची हाय का आरशातली?"

मी फिल्म उलटी बसवून स्कॅन केली होती. काउंटरवरची सगळी माणसं हसली. आपा हसल्या नाहीत. त्यांनी पट्टी काढली, ओठाला लावून दाखवली आणि म्हणाल्या, "आता तू लाव." दहा माणसांसमोर मी फिल्म ओठाला लावली. त्या दिवसानंतर माझ्याकडून फिल्म कधी उलटी बसली नाही.

अकोटच्या बाजारपेठेत त्यांचा 'निगार फोटो स्टुडिओ' होता. तो मुळात त्यांच्या नवऱ्याचा, युसूफचाचांचा. लग्नानंतर आपा काउंटर सांभाळत. पुढे मुसलमान घरांतली लग्नं आली की बायकांच्या बाजूचे फोटो पुरुषानं कसे काढायचे हा प्रश्न येई, म्हणून चाचांनी त्यांच्या हातात कॅमेरा दिला. ते काम इतकं नीट झालं की मराठा, कुणबी, माळी घरांतल्या बायकाही म्हणू लागल्या, हळदीचे फोटो काढायला आपालाच बोलवा. मग काचबिंदूनं चाचांची नजर हळूहळू जात गेली आणि पूर्ण गेली. तेव्हापासून फोटो आपा काढत आणि ब्लॅक अँड व्हाइटचे रोल चाचा धूत. आंधळा माणूस फिल्म कशी धुतो, असं मी एकदा विचारलं. आपा म्हणाल्या, "रोल डब्बीतून काढून टाकीत भरेपर्यंत अंधारच लागते. त्या कोठडीत मी चाचपडत बसते, आन् हे असे फिरतात जसे घरात फिरून राहिले. अंधारात त्यायले माह्याहून चांगलं दिसते."

चाचा वेळ मोजायला घड्याळ वापरत नसत. तोंडानं काहीतरी पुटपुटत टाकी हलवत राहत. त्यांच्या हातचा रोल कच्चा निघालेला किंवा जळालेला मी पाहिला नाही. पण एक गोष्ट त्यांच्या हातात नव्हती, ती म्हणजे पाणी. अकोटहून दक्षिणेला उतरलं की खारपाणपट्टा, म्हणजे खाऱ्या पाण्याचा मुलूख लागतो. त्या पाण्यानं फिल्म धुतली की सुकताना तिच्यावर पांढरे ठिपके बसतात, आणि पुसायला गेलं तर चरे पडतात. खालच्या गावातले एक-दोन फोटोग्राफर आपल्या घरीच रोल धूत आणि मग ठिपके घेऊन आपांकडे येत. आपा त्यांना सांगत, "धून घे कायच्याई पाण्यानं. आखरीचं पाणी मातर पावसाचं घे. भांडंभर धरून ठेवाले काय जाते तुह्यं?" स्वतःच्या स्टुडिओच्या मागे त्यांनी पन्हाळीखाली मोठा रांजण ठेवला होता. त्यातलं पाणी पिण्याची कुणाला परवानगी नव्हती.

उन्हाळा हा दुसरा वैरी. आमच्याकडे वैशाखात नळाचं पाणी हाताला चटका देतं. तसल्या पाण्यात कालवलेल्या धुलाईच्या औषधात फिल्म टाकली तर तिचा थर सुरकुततो, चिखल वाळून भेगाळावा तसा. आपा बर्फाच्या गाडीवाल्याकडून लादीचा तुकडा आणवत, परातीत ठेवत, ओल्या पोत्यात गुंडाळलेल्या बाटल्या त्यात उभ्या करत. एकदा मी लॅबमधला थर्मामीटर त्यांना भेट दिला. त्यांनी तो ठेवून घेतला, आणि पुढच्या खेपेला सांगितलं की चाचांना तो दिसत नाही आणि त्यांना स्वतःला त्यातला पारा सापडत नाही, तेव्हा तो शेजारच्या डॉक्टरला देऊन टाकला आहे.

तिसरा त्रास कापसाचा. अकोटला जिनिंग सुरू झालं की रुईचे तंतू हवेत तरंगत. दुकानाला पडदा लावा, ओलं फडकं टांगा, तरी ते आत येत आणि सुकत टांगलेल्या फिल्मवर बसत. निगेटिव्हवर बसलेला तंतू प्रिंटवर पांढरा उमटतो. "जिन सुरू झाल्या का माह्या फोटोतल्या साऱ्या नवऱ्या म्हाताऱ्या होतात," आपा म्हणायच्या.

यावर उपाय म्हणून आमच्या शेठनी मोठ्या कौतुकानं नवा स्कॅनर आणला. धूळ आणि चरे तो आपोआप पुसून टाकत असे. रंगीत फिल्मवर त्याचं काम खरंच छान होतं. मी उत्साहानं आपांचा एक ब्लॅक अँड व्हाइट रोल त्यातून काढला, पुसायची सोय चालू ठेवून. प्रिंट पाहिल्या तेव्हा धूळ गेली होती, आणि डोळेही गेले होते. चेहरे मेणाचे वितळावेत तसे दिसत होते. ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर चित्रच चांदीच्या कणांचं असतं, यंत्राला ते कण आणि कचरा यातला फरक कळत नाही, हे मला नंतर समजलं. आपांनाही तेव्हा कारण माहीत नव्हतं. त्यांनी प्रिंट उन्हात धरली, बराच वेळ पाहिली आणि शेठना म्हणाल्या, "तुमचं मशीन लय सफाईवालं हाय शेठ. घर झाडता झाडता घरवालीच झाडून टाकली." मग माझ्याकडे वळून, "ते सफाईचं बटन बंद कर, बेटा. म्या घरी बुरुशानं झटकून आणते."

लॅबमध्ये त्यांचा दरारा होता, आणि तो काही सगळाच प्रेमाचा नव्हता. आपा भांडकुदळ होत्या. रोल बिघडला की त्या पहिला आरोप लॅबवर करत आणि तोही काउंटरवर उभं राहून, रस्त्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या आवाजात. पण आरोप केल्यावर त्या तपासायला बसत, हे त्यांचं वैशिष्ट्य. त्यासाठी त्यांचा एक नियम होता: "आधी काठ पाय, मंग मधातलं पाय." फिल्मच्या कडेला कंपनीचे आकडे आधीपासून छापलेले असतात, ते धुतल्यावर दिसतात. आकडे स्वच्छ आणि मधली चौकट कोरी, तर धुलाई बरोबर आहे, फिल्म कॅमेऱ्यात सरकलीच नाही. आकडेच पुसट, तर औषध मेलेलं, म्हणजे दोष लॅबचा. दुसरे फोटोग्राफरही आपापले बिघडलेले रोल घेऊन त्यांच्या येण्याचा वार धरून येत. कुणाच्या फोटोत अर्धी चौकट काळी असे. "शटरचा आकडा लय वर ठेवला, फ्लॅशच्या टाइमाले ते अर्धच उघडेल होतं. इतक्या जलदीनं कोठी जाऊन राहिला होता रे?" कुणाचा अख्खा रोल कोरा निघे. "भरल्यावर वरची घुंडी फिरते का ते पायलं होतं का? नाई? मंग तू लगनात नुसता जेवूनच आला म्हण."

शेती बुडत चाललेल्या त्या वर्षांत लॅबच्या टेबलावर बसून आजूबाजूच्या गावांची स्थिती कळत असे. पूर्वी एका लग्नाचे चार-पाच रोल यायचे. मग दोन यायला लागले. मग एकाच रोलमध्ये दोन लग्नं निघू लागली, पहिल्या अर्ध्यात एक नवरा, दुसऱ्या अर्ध्यात दुसरा. वाढदिवस बंद झाले. पासपोर्ट आकाराचे फोटो मात्र वाढले, कारण प्रत्येक सरकारी अर्जाला ते लागत. मी त्या फोटोंत बायकांचं प्रमाण वाढलेलं पाहिलं. त्यांचं कपाळ मोकळं असे. आपा त्याविषयी बोलत नसत. एकदाच म्हणाल्या, "ह्या बायायले 'थोडं हसा' म्हनाची आदत होती माही. मोडली."

आणि मग सामूहिक विवाह सुरू झाले. एका मांडवात वीस-पंचवीस जोडपी, एकच मंगलाष्टक, एकच जेवण. हिवरखेडच्या एका मेळाव्याचे फोटो काढायचं काम आपांना मिळालं. ऐन मे महिना. मांडव कमी पडला म्हणून निम्मी जोडपी उघड्यावर बसली होती. आपांनी दिवसभर उभं राहून सगळ्या जोडप्यांचे फोटो काढले आणि दुसऱ्या दिवशी रंगीत रोलांचा डबा आमच्याकडे आणून दिला.

मशीनमधून फिल्म बाहेर आली तेव्हा मीच समोर होतो. जवळपास प्रत्येक चौकटीच्या डाव्या अंगाला काळा ढग पसरलेला होता. प्रिंटवर तो तांबडा-पिवळा आला. कुठे नवरा जळालेला, कुठे नवरी, कुठे दोघांच्या मध्ये आगीचा लोळ. आपा संध्याकाळी आल्या, प्रिंट पाहिल्या आणि ओरडल्या, "शेठ, तुमच्या मशीननं माहे रोल भाजले!"

शेठचा चेहरा उतरला. भारनियमनाचे दिवस होते. मधेच वीज गेली की फिल्म मशीनमध्ये अडकून खराब झाल्याचं दोनदा घडलं होतं. त्यांना स्वतःलाच खात्री नव्हती. ते चाचरत म्हणाले, "भाभी, वीज तर गेली नव्हती... पण पाहू, काहीतरी करून देऊ."

आपांनी त्यांचं ऐकून घेतलं नाही. त्या दिव्याच्या पेटीपाशी बसल्या, पट्टी काचेवर ठेवली आणि नियमाप्रमाणे आधी काठ पाहिला. ढगाबाहेरचे आकडे स्वच्छ होते. मग त्या मधल्या चौकटींवर वाकल्या. मीही वाकून पाहिलं. तो काळा ढग चौकटीत थांबत नव्हता. तो कडेच्या भोकांमधून थेट फिल्मच्या काठापर्यंत गेला होता. मशीनमधला बिघाड असा प्रत्येक चौकटीत एकाच जागी दिसत नाही. हा उजेड कॅमेऱ्याच्या पाठीतून आत शिरला होता.

त्यांनी पिशवीतून कॅमेरा काढला आणि पाठ उघडली. झाकण जिथं बसतं त्या खाचेत काळ्या फोमची बारीक पट्टी असते, उजेड अडवायला. ती उष्णतेनं वितळून डांबरासारखी झाली होती. आपांनी तिला बोट लावलं. बोट काळं झालं. ते बोट बुरख्याला पुसून त्या उभ्या राहिल्या आणि मघाशी ज्या आवाजात आरोप केला होता त्याच आवाजात म्हणाल्या, "शेठ, तुमचं मशीन बरोबर हाय. माहा कॅमेरा फुटेल हाय. चूक माही हाय." काउंटरवर पाच-सहा गिऱ्हाइकं होती. ती बघत राहिली. आपांनी डबा उचलला आणि त्या बसकडे निघाल्या.

पुढे त्यांनी जे केलं ते मला त्या वेळी वेडेपणाचं वाटलं. अकोटातल्याच एका स्टुडिओवाल्याशी त्यांचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. त्याच्याकडे जाऊन त्यांनी कॅमेरा मागितला, त्यानं दिला. आयोजकांकडून जोडप्यांची गावं विचारून घेतली. आणि पावसाळा सुरू होऊन संपत येईपर्यंत, सवड मिळेल तशी, त्या एसटीनं एकेका घरी गेल्या. दोन-तीन सुट्ट्यांना मीही सोबत गेलो. दारात उभ्या राहूनच त्या सांगत, "तुमच्या लगनाचे फोटो माह्या हातानं जळले. नवीन काढून देते, काढू द्यान तर."

एका घरी सासूनं त्यांना बसू दिलं नाही. एका घरी नवऱ्याचा काका तासभर बोलला आणि आपा तासभर ऐकत राहिल्या. त्या इतका वेळ गप्प राहू शकतात हे मला माहीत नव्हतं. बऱ्याच घरी मात्र माणसं हसली. कुणी पुन्हा शालू नेसलं, कुणी पेटीतल्या मुंडावळ्या शोधून काढल्या. एक नवरी गोठ्यातून बाहेर आली आणि म्हणाली, "आता काय शालू नेसू आपा, अशीच काढा," आणि शेणानं भरलेले हात मागे लपवून नवऱ्याशेजारी उभी राहिली. एक नवरा सुरतेला कामाला गेला होता. त्याच्या बायकोचा एकटीचा फोटो काढून आपांनी तिला सांगितलं, तो आला की निरोप धाड, मी येते. पुढे दिवाळीत त्या खरंच गेल्या.

वंदनाचं प्रकरण निराळं होतं. तिचं माहेर भातकुलीजवळ, सासर हिवरखेडच्या अलीकडे. आपांनी नेहमीचं वाक्य म्हटलं तेव्हा ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. म्हणाली, "मले नवा फोटो नाई पाह्यजे. माहा हात देतानी बाबाचा फोटो काढला होता तुमी. तो द्या."

"तोबी जळला, पोरी."

"बाबा आखाडात गेले. काविळीनं," वंदना म्हणाली. "जळेल असन तं जळेल द्या."

दुसऱ्या दिवशी आपा ती पट्टी घेऊन लॅबमध्ये आल्या आणि माझ्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसल्या. चौकटीच्या उजव्या भागात वंदना आणि तिचा नवरा व्यवस्थित होते. डावीकडे जिथं वडील उभे होते तिथं निगेटिव्ह काळीठिक्कर. स्कॅनर त्याच्या मनानं सगळ्या चौकटीचा हिशेब लावी आणि तो भाग पांढराफटक करून टाकी. आपा म्हणाल्या, "त्याले साऱ्या फोटोचं इचारू नको. बापाचंच इचार." मी आपोआप चालणारं सगळं बंद केलं आणि फक्त तेवढा भाग घेऊन उजेड वाढवत पुन्हा पुन्हा स्कॅन केला. दुपार त्यातच गेली. आधी एक कान दिसला. मग टोपीची कड. मग तांबड्या धुरामागून यावा तसा अर्धा चेहरा. वडील कॅमेऱ्याकडे पाहत नव्हते. मुलीकडे झुकले होते, तोंड अर्धवट उघडं, काहीतरी सांगत असल्यासारखे. त्यापलीकडे काही आलं नाही. उरलेला अर्धा चेहरा फिल्मवर नव्हताच.

शेठ मागे उभे राहून पाहत होते. ते म्हणाले, "भाभी, एवढी मेहनत कशाला? त्यांच्या घरून वडिलांचा रेशन कार्डावरचा फोटो मागवा. हा पोरगा कॉम्प्युटरवर असा बसवून देईल की ओळखू येणार नाही." ते खरं होतं. मला ते जमत होतं, आणि अशी कामं तेव्हा वाढलीही होती. आपांना ते आवडलं नाही हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, पण त्या म्हणाल्या, "बनव. दोनी घेऊन जाऊ. फोटो तिचा हाय, माहा नोय."

कार्डावरचा फोटो मिळाला, मी तो बसवला. काम सफाईदार झालं होतं. जळालेला भाग नाहीसा झाला. टोपी घातलेले वडील मुलीचा हात जावयाच्या हातात देत होते आणि समोर बघत होते. आम्ही दोन्ही प्रिंट घेऊन गेलो तेव्हा वंदनाची आईही भातकुलीहून आलेली होती. आईनं दुरुस्त केलेला फोटो हातात घेतला आणि तिचे डोळे भरून आले. "किती चांगले दिसतात," ती म्हणाली.

वंदनानं तो पाहिला आणि खाली ठेवला. "हे बाबा नोय," ती म्हणाली. "हे रेशन दुकानात उभे असल्यावानी दिसतात." मग तिनं दुसरा घेतला. उजेडात नेला. बराच वेळ पाहून ती हसायला लागली आणि हसता हसता खाली बसली. "आपा, ते काय म्हणून राहिले होते सांगू का? म्हणे, चपला मी पिशवीत टाकल्या तुह्या, गर्दीत शोधत बसू नको. लगन लागून राहिलं आन् बाबाले चपलीचं पडेल होतं."

आईनं तिच्या हातातून फोटो ओढून घेतला आणि त्या अर्ध्या चेहऱ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. पण भिंतीवर लावायला तिनं दुरुस्त केलेलाच नेला. पाहुणे येतात, जळालेला माणूस भिंतीवर बरा दिसत नाही, असं तिचं म्हणणं होतं. अर्धा चेहरा वंदनाकडे राहिला.

बसमध्ये मी आपांना विचारलं, यातलं बरोबर कोण? आपा खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "माय बरोबर हाय. लेक बी बरोबर हाय. चूक एकच होती आन् ते म्या केली होती." त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. पण फोमची पट्टी दर उन्हाळ्याच्या आधी बदलायची, हा नियम त्यांनी जिल्ह्यातल्या सगळ्या फोटोग्राफरांना लावला. न ऐकणाऱ्याचा कॅमेरा त्या भर काउंटरवर उघडून बोट घालून पाहत.

पुढं डिजिटल कॅमेरे आले. फिल्मवाल्या लोकांनी कुरकुर केली. आपांनी केली नाही. त्यांनी लगेच एक कॅमेरा घेतला आणि आठवडाभरात शिकल्या. "मले काय फिल्मशी निकाह लावाचा होता का?" त्या म्हणाल्या. एकच अडचण होती. धुवायचं काही उरलं नाही, त्यामुळे युसूफचाचा रिकामे झाले. तेव्हा त्या महिन्याकाठी एखादा ब्लॅक अँड व्हाइट रोल मुद्दाम काढत. रस्ता, शेजारची पोरं, कापसाच्या गाड्या, काहीही. चाचा तो धूत, आपा तो माझ्याकडे स्कॅन करायला आणत. त्या फोटोंचं गिऱ्हाईक कुणी नव्हतं. तरी धुलाईत काही उणं दिसलं तर त्या घरी जाऊन चाचांशी भांडत, असं त्यांनीच मला सांगितलं.

एका हिवाळ्यात त्यांचा खोकला हटेना. आधी त्यांनी तो औषधांच्या वासावर ढकलला, मग जिनिंगच्या रुईवर. शेवटी अकोटच्या डॉक्टरनं अकोल्याला एक्स-रे काढायला पाठवलं. त्या आधी लॅबमध्ये आल्या, मला म्हणाल्या, चल सोबत. दवाखान्यातल्या पोरानं ओलसर फिल्म हातात दिली तशी त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली. मला वाटलं, आता आपा त्या पोराला काहीतरी सुनावतील. फिल्मवर एका कोपऱ्यात बोटांचे ठसे होते, कडेला पाण्याचा ओघळ होता. त्या काही बोलल्या नाहीत. उजव्या फुप्फुसावर एक पांढरा डाग होता, तो मलाही दिसला. आपांनी कड पाहिली, मध्य पाहिला, पुन्हा कड पाहिली. मग एक्स-रे पाकिटात घातला आणि म्हणाल्या, "चल, चारची गाडी भेटन." निघता निघता तिथल्या डॉक्टरनं आत बोलावून काय ते सांगितलं तेव्हाही त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही.

उन्हाळा लागायच्या आत त्या गेल्या.

मी भेटायला अकोटला गेलो तेव्हा युसूफचाचा स्टुडिओच्या मागच्या खोलीत खाटेवर बसले होते. मी जवळ जाऊन नाव सांगितलं. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि तो सोडलाच नाही. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग त्यांनी विचारलं, "एक्स-रे काढाले तूच गेल्ता ना सोबत?"

"हो, चाचा."

"मले येऊन सांगे, फिल्म खराब निघाली. दवाखान्यावाल्यानं धुतलीच बरोबर नाई, त्याच्यात काही समजून नाई राहिलं. दुसरा काढू कवातरी."

बाहेरून कापसाच्या गाड्यांचा आवाज येत होता.

"म्या इचारलं, मंग तू भांडली काहून नाई?" चाचा म्हणाले. "त्याच्यावर काहीच बोलली नाई. तवाच मले समजलं, फिल्म बरोबर हाय."